पाण्याचा घोट

आजारी मासा कसा दिसतो, हे तुम्ही कधी थांबून पाहिलंय का? आमच्या मॅडम रोज पाहायच्या. शहाद्याच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. प्रयोगशाळेच्या खिडकीत त्यांची काचेची टाकी होती. एखादा मासा वाळायला लागला, अंगावर चट्टा उठला, की त्या काचेवर बोट टेकवून आपल्या अहिराणीत म्हणत, “हाऊ पाहा.”

त्या माशांत पाण्यातला एक जंतू होता, टीबीच्या जंतूचा जवळचा नातेवाईक. खरा टीबीचा जंतू आमच्यासारख्या कॉलेजात वाढवणं धोक्याचं, म्हणून अभ्यासाला हा. मेलेल्या माशाच्या गाठीची काचपट्टी रंगवून त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत. निळ्या पेशीत लाल काड्या दिसत, तेच जंतू. शरीराच्या शिपायानं, म्हणजे त्या पेशीनं, जंतूला गिळलेलं असे आणि जंतू त्याच्याच पोटात सुखानं राहत असे. माणसाच्या फुप्फुसातही हेच चालतं.

मी त्यांची विद्यार्थिनी, तेव्हा टीबीविरुद्धची पत्रकं लिहायचे. ‘क्षयाला सातपुड्यातून हाकला!’ हे मथळ्याला. मॅडमनी वाचलं आणि उद्गारचिन्ह खोडलं. “कोठे हाकलशी? तो तं शिपाईना पोटमा बठेल शे.”

हातमोज्यांशिवाय टाकीला हात लावू नये, अशी पाटी त्यांनीच भिंतीवर लावली होती. एकदा एक मासा गाळणीमागे अडकून तडफडत होता. मोजे शोधायला वेळ नव्हता. कैरी चिरताना कापलेलं बोट त्यांनी तसंच पाण्यात घातलं. काही आठवड्यांनी बोटावर गाठ आली, फुटली, भरेना. मलमं झाली. शेवटी काय तपासायचं ते मॅडमनीच डॉक्टरांना सांगितलं. तोच जंतू निघाला. कित्येक महिने गोळ्या लागल्या, त्यातली एक टीबीचीच.

प्रयोगशाळा झाडायला जमनाबाई यायच्या, धडगावकडच्या पावरा आदिवासी. त्यांना फुप्फुसाचा टीबी होता. त्या गोळीनं लघवी लालसर होते. दोघी एकमेकींना रंग विचारून हसायच्या. तीन महिन्यांत जमनाबाईंचा खोकला थांबला आणि त्यांनी गोळ्या सोडल्या. घरचे सगळे ऊसतोडीला गुजरातेत निघाले होते. मॅडमनी हटकलं, तर त्यांनी मॅडमच्याच बोटाकडे पाहिलं.

“बाई, तुमची जखम तं भरली. मग तुम्ही का गिळता?”

मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. खोकला थांबला, जखम भरली, तरी लाल काड्या आत उरतात, हे दाखवलं. मग मॅडम म्हणाल्या, “तू सोडशी तं मी बी सोडसू. मंग बोट गयं तं गयं.”

जमनाबाईंना राग आला. मलाही. हा धाक आहे, असं मी मॅडमना तोंडावर सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही.

जमनाबाई आरोग्य केंद्रातून गोळ्या घेऊन ऊसतोडीला गेल्या. रोज सकाळी सातला मॅडम त्यांना फोन करत.

“गोळी?”

“हातात आहे.”

“गिळ.”

आणि दोन्हीकडे पाण्याचा घोट.

थंडीत एकदा मी सकाळीच प्रयोगशाळेत गेले. मॅडम फोनवर होत्या. हातात गोळी नव्हती. नुसतंच पाणी त्या आवाज करत प्यायल्या. त्यांचा कोर्स आठ दिवसांपूर्वीच संपला होता. हे खोटं आहे, मी म्हणाले. त्यांनी फोनवर तळवा ठेवला. “खोटं शे. जमनान्या गोळ्या संपू दे, मंग मीच सांगसू.”

त्यांनी सांगितलं. परतलेल्या जमनाबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी टाकी घासून काढली, हातमोजे घालून.

मॅडम आता नाहीत. हृदय बंद पडलं. माशांचा त्यात दोष नव्हता. टाकी कोरडी आहे, पाटी तशीच आहे. सकाळी सातला जमनाबाई झाडू बाजूला ठेवतात आणि तळोद्याला बहिणीच्या मुलीला फोन लावतात. तिच्या टीबीच्या गोळ्यांचा चौथा महिना चालू आहे. स्वतःच्या गोळ्या संपून दोन वर्षं झाली, तरी जमनाबाईंच्या हातात पाण्याचा पेला असतो.

तुमच्या ओळखीत कुणी या गोळ्या घेत असेल, तर उद्या सकाळी फोन करा. पत्रक वाचून दाखवू नका. पलीकडचा घोट ऐकू येईपर्यंत फोन ठेवू नका.