रामाकोन्यातलं धुतलेलं मीठ

बुद्धविहाराचा फळा वाचणाऱ्या मंडळींनो, आज इतका थकलो की खडूही जड लागून राहिला.

गलगंड होऊ नये म्हणून आयोडीनचं नवं खडेमीठ आलं आहे. आयोडीन पोटात कमी गेलं तरी वाईट, जास्त गेलं तरी वाईट. म्हणून माणूस दिवसाला किती मीठ खातो, ते तोलायला आरोग्य खात्याच्या साहेबांनी मला रामाकोना गावी पाठवलं.

एका मावशीला म्हटलं, "दिवसभराचं मीठ माझ्या हातावर ठेवा."

"हातावर मीठ देत नाही भाऊ, भांडण होते."

मग ताटलीत घेतलं, तोललं, लिहिलं. तेवढ्यात मावशीनं तेच मीठ पाण्यात विसळलं आणि पाणी मोरीत ओतलं.

"हे काय करून राहिल्या मावशी?"

"माती असते न त्यात. तुम्ही तसंच खाता काय?"

आयोडीन खड्यांवर वरवरच असतं, ते मोरीत गेलं. पुढच्या घरीही तेच.

संध्याकाळच्या बसनं सौंसरला घरी परतलो, तर मायनं नवं मीठ परातीत वाळत घातलेलं.

"लय घाण होतं रे, धुतलं."

मी तेच मीठ ताटात घेऊन जेवलो.

मीठ न धुणारं एक तरी घर आपल्यात आहे काय? असेल तर खाली नाव लिहा. तराजू घेऊन येतो.