दुसरी आंघोळ

यमुताई जेवताना दोन पोळ्या घ्यायच्या. आयुष्यभर दोनच, सणावारीसुद्धा तिसरीला कधी हात लावला नाही. मार्चात त्या दोनांची एक झाली, पुढे अर्धी, आणि एप्रिल संपता संपता ताटावर बसून वरणभाताचे चार घास चिवडून उठायला लागल्या. चारुशीलेला, म्हणजे त्यांच्या सुनेला, आधी वाटलं की आपल्या हाताची चव बिघडली. मग एक दिवस सासूबाईंच्या चोळीच्या बाह्या दंडावर लोंबताना तिनं पाहिल्या. बाई डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

महाल या जुन्या वस्तीतलं भाड्याचं बिऱ्हाड सोडून त्यांना चार महिने झाले होते. यमुताईंचा मुलगा कृष्णकांत आकडेवारीच्या खात्यात कारकून, त्याला बाहत्तरच्या जानेवारीत दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर मिळालं. घरातच संडास, घरातच नळ. तिशीत विधवा झालेल्या यमुताईंनी महालात श्राद्धपक्षाचा, नैवेद्याचा स्वयंपाक करून मुलगा शिकवला होता. त्यांचं सोवळं इतकं चोख, की पितरांच्या दिवशी लोक महिना महिना आधी सांगून ठेवत. दुसरी इस्टेट त्यांच्यापाशी नव्हती.

कृष्णकांतचा स्वभाव पद्धतशीर. त्यानं आईसाठी एक वही केली. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं, ढेकर, झोप, असे रकाने आखले. रोज कचेरीतून आला की बूट काढायच्या आधी तो आईजवळ बसायचा. दुखतं का, जळजळतं का, मळमळतं का, असं एकेक विचारायचा. यमुताई प्रत्येकाला नाही म्हणायच्या आणि तो प्रत्येक रकान्यात "नाही" लिहायचा. अन्न पचत नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. का पचत नाही, एवढंच आता शोधायचं होतं.

शोध मात्र त्यानं मनापासून केला. दातांच्या डॉक्टरांनी दोन दाढा काढल्या. वैद्यांनी चूर्ण दिलं. मोठ्या दवाखान्यात पांढरं औषध पाजून पोटाचे फोटो काढले, तेही स्वच्छ निघाले. चारुशीला महापालिकेच्या शाळेत शिकवायची. सकाळच्या धांदलीत ती सासूसाठी मुगाची खिचडी वेगळी टाकायची, ताक घुसळून ठेवायची. संध्याकाळी येऊन बघावं तर ताक तसंच. "इच्छाच होत नाही गं," एवढंच यमुताई म्हणायच्या, आणि सुनेचे कष्ट वाया गेले म्हणून त्यांचाच चेहरा पडायचा.

मे महिन्यात, ऊन भट्टीसारखं पेटलेलं असताना, पंचफुला भेटायला आली. महालात वीस वर्षं तिनं यमुताईंकडे भांडी घासली होती. पदराला कैऱ्या बांधून चालत आली. यमुताईंना बघून ती क्षणभर दारातच थांबली. मग, "बाई, किती गोऱ्या झाल्या वं तुम्ही, लग्न ठरलं काय?" असं म्हणून तिनं त्यांना हसवलं, घटकाभर पाय चेपले, आणि मग स्वयंपाकघरात येऊन चारुशीलेसमोर फतकल मारून बसली. तिची नजर ओट्याखालच्या पाण्याच्या पिंपावर होती.

"सूनबाई, बाईच्या दुसऱ्या आंघोळीले पाणी कोण देऊन राहिलं इथं?"

"दुसरी कुठली? सकाळी करतात की आंघोळ."

"दुपारची वं. जेवण झालं का बाईचं पोट चालते, पहिल्यापासूनच. संडासातून आली का विहिरीवर बसे, अन् मी दोन बादल्या शेंदून अंगावर घालत होती. त्याबिगर देवाजवळ नाही जाये, चुलीले हात नाही लावे. थंडी असो का पाऊस." तिनं पिंपाचं झाकण उचलून आत पाहिलं. "नळ किती वेळ असते?"

"सकाळी एक तास."

पंचफुलानं झाकण जागेवर ठेवलं.

चारुशीलेला एकदम आठवलं. राहायला आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, शाळेला निघताना ती सहज म्हणाली होती, आई, एवढं पाणी रात्रीपर्यंत पुरवायचं आहे हं. त्यात राग नव्हता. प्रत्येक घरातली बाई म्हणते तसं ती म्हणाली होती.

पंचफुला गेल्यावर ती सासूजवळ जाऊन बसली आणि चार महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं, दुपारच्या आंघोळीचं इथे काय करता म्हणून. यमुताई बराच वेळ पदराची किनार सरळ करत राहिल्या.

"तू पहाटे उठून पाणी भरतेस, मग दिवसभर पोरांपुढे उभी राहतेस," त्या म्हणाल्या. "त्या पाण्यातून दोन बादल्या मी भरदुपारी अंगावर ओतायच्या? सकाळच्या आंघोळीआधी एकदाच जावं लागेल एवढं खायचं. पाणीही तेवढंच प्यायचं. जमलं होतं मला."

"मग सांगायचं नाही का, आई? ते रोज तुमच्याजवळ बसून विचारत होते."

"दुखतं का, विचारत होता. दुखत नव्हतं गं."

कृष्णकांतला कळलं तसा तो रिक्षात घालून दुसरं पिंप घेऊन आला. चारुशीलेच्या शाळेला नुकतीच उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, तिनं रोज दुपारी स्वतःच्या हातानं सासूच्या अंगावर पाणी घातलं. पहिल्या दिवशी यमुताई लाजल्या. चौथ्या दिवशी त्यांनी दीड पोळी खाल्ली. आठव्या दिवशी त्यांच्या पायांना सूज आली, तोंडही सुजलं, आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासण्या झाल्यावर विचारलं, उन्हाळ्यात पाणी किती पीत होत्या? कृष्णकांतनं पिशवीतून वही काढली, पानं उलटली. ढेकर होते, झोप होती. पाण्याचा रकानाच नव्हता. मूत्रपिंडं थकलीत, आधीपासून अधू असावीत, त्यात हा कोरडा उन्हाळा, असं डॉक्टर म्हणाले. आता दिवसाला दोन फुलपात्रांवर पाणी द्यायचं नाही, नाहीतर छातीत भरेल.

महिनोन्महिने तहान मारत बसलेल्या बाईला आता तहान अनावर झाली, आणि फुलपात्र मोजून पुढे करण्याचं काम चारुशीलेकडे आलं. यमुताई हट्ट करत नसत. ओठांवरून जीभ फिरवत आणि तिच्याकडे बघत. चारुशीलेला ती नजर सोसवत नसे.

एका दुपारी वॉर्डातली आया शौचाचं भांडं घेऊन गेली आणि चारुशीलेनं पाण्याचं फुलपात्र पुढे केलं. यमुताईंनी ते तोंडाला लावलं नाही.

"हे माझ्या अंगावर शिंपड," त्या म्हणाल्या. "अशीच पडून राहू का मी?"

"आई, ते प्यायचं आहे. आंघोळीचं पाणी वेगळं. इथे नळ दिवसभर असतो."

"दिवसभर?"

"हो. रात्रीही."

त्यांचा विश्वास बसला नसावा. चारुशीला उठली, वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या मोरीत बादली ठेवून तिनं नळ पूर्ण सोडला. पाण्याचा आवाज पलंगापर्यंत येत होता. ओल्या पंच्यानं तिनं त्यांचं अंग पुसलं, पाठ, मान, पाय, एकेक बोट, आणि धुतलेलं लुगडं गुंडाळलं. मग यमुताई पाणी प्यायल्या, दोन घोटांत सगळं, आणि डोळे मिटून पडल्या.

बादली भरून वाहायला लागली होती. आया करवादली, पाणी फुकटचं आहे काय म्हणून. चारुशीलेनं ऐकून घेतलं. सासूबाईंचा श्वास संथ होईपर्यंत तिनं नळ तसाच वाहू दिला.

तिसऱ्या दिवशी यमुताई गेल्या.