पेल्यातलं दुसरं फूल

किनुए दार उघडायची ते बघण्यासारखं असे. आधी ती गुडघ्यांवर बसायची. मग सरकत्या दाराला दोन बोटांची फट पाडून तिथेच थांबायची, म्हणजे आतल्या माणसाला पाय आवरून घ्यायला वेळ मिळावा. मग दार अर्धं सरकवायचं, हात बदलायचा आणि उरलेलं सरकवायचं. बस्स, तीन हालचाली. आवाज म्हणून नाही. आयुष्यभर रंगमंचावर वावरलेल्यांनीही प्रवेश कसा घ्यावा ते तिच्याकडून शिकावं. फरक इतकाच की तिचा प्रवेश कुणाच्या लक्षात येत नसे, आणि तिला अभिमान होता तो नेमका त्याचाच.

नदीकाठच्या 'सेओतो' या गरम पाण्याच्या कुंडांच्या अतिथिगृहात ती बत्तिसाव्या वर्षी एक गाठोडं घेऊन आली होती. नवरा बंदरावरच्या मासळी बाजारात लिलाव पुकारायचा. आवाज मोठा, आणि हातही मोठा. ती निघाली तेव्हा पाच वर्षांची मुलगी मागे राहिली, सासरच्यांनी सोडलीच नाही. दरवर्षी मार्चमध्ये, बाहुल्यांच्या सणाला, किनुए तिला एक पोस्टकार्ड टाकत असे. उत्तर कधी आलं नाही. काही वर्षांनी कार्डंच परत यायला लागली.

तेव्हाच्या मालकीणबाईंनी तिला ठेवून घेतलं आणि पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. "पाहुण्यांच्या खोलीत आपण म्हणजे वारा. वारा आत येतो, बाहेर जातो, बसत नाही." आणि दुसरी, "जोवर इथे काम करशील, तोवर मागची खोली तुझी." मागच्या अंगणात नोकरांच्या चाळीत ती सहा चटया मावतील एवढी खोली होती. एकतीस वर्षं झाली. म्हातारी मालकीण गेली, तिची सून रेइको मालकीण झाली. किनुए त्रेसष्ट वर्षांची झाली. जगात तिचं म्हणावं असं छप्पर ते एवढंच.

आणि मग त्या वसंतात बिर्गित आली.

डेन्मार्कची, निवृत्त, शाळेत गाणं शिकवलेली बाई. सहा वर्षं संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकून आली होती, त्यामुळे बोलायची पुस्तकातल्यासारखं. तिला वरची खोली मिळाली होती. खिडकीबाहेर नदीवर वाकलेलं साकुराचं जुनं झाड, आणि झाड त्या दिवशी असं फुललं होतं की खोलीत दिवा लावायची गरज नव्हती.

किनुएने फुलांचं पाणी आणलं. गेल्या वसंतात मीठ लावून मुरवलेली दाट पाकळ्यांच्या साकुराची फुलं, वर गरम पाणी. घराचा रिवाज एका पेल्यात एक फूल घालायचा. किनुए दोन घालत असे, गुपचूप. तिचं म्हणणं, एकटं फूल तळाशी पडून राहतं. दोन असली की एकमेकांना फिरवत वर आणतात.

बिर्गित पेल्यात बघत राहिली. मग म्हणाली, "आपण बसावे."

"नको हो बाईसाहेब. आमचं बसणं शोभत नाही."

"माझे पती हिवाळ्यात वारले. दोन तिकिटे त्यांनीच काढली होती." तिने समोरच्या रिकाम्या रेशमी गादीकडे बोट दाखवलं. "एकटीने हे झाड पाहणे चांगले नाही. कृपया, आपण बसावे."

किनुए दाराजवळ गुडघ्यांवरच होती. दोघींच्या मध्ये जेमतेम चार हात अंतर. पण एकतीस वर्षांत तिने ते कधी ओलांडलं नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडलं, तोच त्या बाईने ती गादी स्वतःच्या हाताने तिच्याकडे सरकवली.

किनुए बसली. पाणी निवेपर्यंत. दोघी झाडाकडे बघत राहिल्या. मध्येच एक झुळूक आली, पाकळ्या आत आल्या, आणि बिर्गितने कॅमेरा कपाटावर ठेवून आपोआप निघणारा एक फोटो काढला. बिर्गितला वाटलं, आयुष्यात इतका सुंदर क्षण पुन्हा येणार नाही. तिच्यापुरतं ते खरंच होतं.

जूनमध्ये, पावसाच्या दिवसांत, अतिथिगृहाच्या नावावर एक जाड पाकीट आलं. सकाळी कामाला लागण्याआधी सगळे ओळीत उभे असताना रेइकोबाईंनी ते उघडलं. पत्रात जपानी संस्कृतीची स्तुती होती, साकुराची होती, कुंडांची होती. आणि शेवटी एक ओळ: 'सेओतोचा प्राण किनुए आहेत.' बिर्गितने प्रवाशांसाठी छापतात त्या मासिकातही हेच लिहिलं होतं. कात्रण सोबत होतं. मालकीणबाईंचं नाव कुठेच नव्हतं.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" रेइकोबाई गोड हसल्या. "इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं की सेओतोचा प्राण इथलं पाणी आहे. चुकलंच आमचं."

हसण्याची एक लहानशी लाट उठली. मग त्यांनी पाकिटातला फोटो वर धरला.

"आणि बसल्या किती छान आहेत! तामाको, बघ तरी, पाठ कशी ताठ. गादी कुठली गं ही?"

तामाको, पंचेचाळिशीची, जिभेला धार असलेली. "वरच्या खोलीतली, मालकीणबाई. आपल्या सासूबाईंनी स्वतः शिवलेली."

"हो का? मला नाही कधी बसू दिलं तिच्यावर."

किनुए कपाळ जमिनीला टेकवून वाकली. "माझी चूक झाली."

"चूक कसली? पाहुण्यांना आनंद झाला. तुम्ही दमत असाल हो. आमच्याच लक्षात यायला हवं होतं."

रेइकोबाई जन्माच्या दुष्ट नव्हत्या. चोविसाव्या वर्षी या घरात सून होऊन आल्या तेव्हा सासूने सगळ्या नोकरांसमोर त्यांना एकच दार दहा वेळा उघडायला लावलं होतं, आणि दर वेळी म्हटलं होतं, "किनुएसारखं." ते दार त्यांच्या मनात अजून उघडत होतं. फोटो त्यांनी मोठा करून नोकरांच्या वाटेवर, चपलांच्या फडताळावर लावला. येता-जाता प्रत्येकाने बघावा म्हणून.

शरद ऋतूत मासिक वाचलेले पाहुणे यायला लागले. "किनुए कुठे आहेत?" हा पहिलाच प्रश्न. रेइकोबाईंनी किनुएला बोलावून चहा दिला, स्वतःच्या हाताने. तेव्हाच किनुएने ओळखलं.

"एक विनंती आहे. आता तुम्ही काम करायचं नाही. बसायचं."

दिवाणखान्यात, मोठ्या काचेपाशी, लाल कापड अंथरलं गेलं. शेजारी राखेने भरलेली, न पेटवलेली चूल आणि रिकामी किटली. त्यावर भारी किमोनो नेसवून किनुएला बसवलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, गुडघे दुमडून, गादीशिवाय. गादीवर बसलेली बाई फोटोत बरी दिसत नाही, असं मालकीणबाईंचं मत पडलं.

पाहुणे यायचे, फोटो काढायचे. कुणी तिच्या शेजारी वाकून दोन बोटं उंचावून हसायचे. ती खरी आहे की बाहुली, म्हणून एका बाईने तिच्या गालाला बोट लावून पाहिलं. किनुएने पापणी हलवली आणि बाई खूश होऊन किंचाळली. तामाको ताटं घेऊन समोरून जाताना म्हणायची, "काय ताई, आज पण फार काम दिसतंय!" तामाको दारं पायाने सरकवायची. तो आवाज किनुएला दिवसभर ऐकावा लागे.

जानेवारीच्या एका दुपारी एक म्हातारं जोडपं बर्फ झटकत आत आलं. म्हाताऱ्याच्या हातातली बॅग घसरली. एकतीस वर्षांच्या सवयीने किनुए ती झेलायला उठली, आणि पाय तिथे नव्हतेच. बधिर झालेल्या गुडघ्यांवरून ती तोंडावर पडली, किटली गडगडत दारापर्यंत गेली.

रेइकोबाई धावत आल्या. स्वतः तिला उचललं, तिच्या किमोनोवरची राख पदर झटकावा तशी झटकली आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "वय झालंय हो त्यांचं. आम्ही सांभाळतो." म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. किती माणुसकी आहे या घरात, असं ती नवऱ्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून किनुए मुदपाकखान्यात भांडी घासायला. खोली राहिली. "फक्त एक," रेइकोबाई म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर यायचं नाही. तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. आणि आलात, तर मग खोलीचंही बघावं लागेल." लाल कापडावर तामाको बसायला लागली. तिला गादी मिळाली.

एप्रिल आला. झाड पुन्हा तसंच फुललं. झाडाला काय त्याचं. पाकळ्या गळायला लागल्या त्या दिवशी मुदपाकखान्याच्या पातळ भिंतीपलीकडून एक आवाज आला.

"किनुएबाई कुठे आहेत? मी भेट आणली आहे."

किनुएच्या हातातली थाळी पाण्यात सुटली.

"अगबाई, बिर्गितबाई, तुम्ही!" रेइकोबाईंचा आवाज. "किनुए गेल्या हो. मुलीकडे. मुलगीच न्यायला आली होती. समुद्रकाठी असतात आता, अगदी सुखात."

मुलगीच न्यायला आली होती. रेइकोबाईंना परत आलेली पोस्टकार्डं माहीत होती. टपाल त्यांच्याच हातून वाटलं जायचं.

म्हातारा आचारी गेंझो कांदा कापायचा थांबला. "जा बाहेर. अगं, चार पावलांवर दार आहे. नुसती उभी राहिलीस तरी मालकीणबाईचं तोंड बंद होईल."

"आणि झोपू कुठे, गेंझोदादा?"

गेंझो पुन्हा कांद्याकडे वळला. त्याचीही खोली त्याच चाळीत होती.

किनुएने हात पुसले. फडताळातून बरणी काढली. गेल्या वसंतात, बिर्गित येऊन गेल्यावर लगेच, तिने स्वतः मुरवलेली फुलं. पेला ताटात ठेवला. एक फूल टाकलं. मग दुसरं.

ताट न्यायला, लाल कापडावरून उठून, तामाको आली. "दोन? मालकीणबाई एकच सांगतात."

"हात चुकला म्हण."

तामाकोने तिच्याकडे पाहिलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, ताट उचलून गेली.

ताट भिंतीपलीकडे पोचलं. गेंझोची सुरी अधांतरी. किनुएने नळ बंद केला.

"दोन फुले!" बिर्गित ओरडलीच. "मला आठवते! मागच्या वर्षीही दोन होती!"

किनुएने ओला हात तोंडावर दाबला. आता विचारेल ती. हे पाणी कुणी केलं, असं विचारेल.

"ही या घराची परंपरा आहे ना?"

रेइकोबाईंनी पेल्यात डोकावून पाहिलं. दोन फुलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. आणि ती कुणाची, हे कळायला त्यांना एक क्षण पुरला.

"हो," त्या म्हणाल्या. "सासूबाईंपासून चालत आलेली."

"किती सुंदर! माणसे जातात, परंपरा राहते. मी हे नक्की लिहिणार." मग कागद फाटल्याचा आवाज. "ही गादी मी विणली आहे. त्यांना पाठवाल? त्यांनी बसावे."

"नक्की पाठवू."

दुसऱ्या सकाळी फाटकापाशी सगळे ओळीत उभे राहिले आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत वाकून राहिले, रिवाजाप्रमाणे. आत, भिंतीकडे तोंड करून, साबणाच्या हातांनी किनुएही वाकली होती. इंजिनाचा आवाज पुलापलीकडे विरल्यावर ती सरळ झाली. गेंझोने नळ मोठा सोडला.

थोड्या वेळाने रेइकोबाई आत आल्या. विणलेली गादी त्यांच्या काखेत होती. दिवाणखान्यात तामाकोच्या आधीच्या गादीच्या जागी घालायला निघाल्या होत्या.

"किनुएबाई, आजपासून प्रत्येक पेल्यात दोन फुलं. यंदा दुप्पट मुरवावी लागतील. दाट पाकळ्यांचा साकुरा आठवड्याभरात उमलेल." त्या जायला वळल्या, आणि थांबल्या. "झाडाखाली उभं राहून तोडायची असतात. मध्ये बसता येत नाही. जमेल ना?"

"जमेल, मालकीणबाई."