मामंजींनी पाठ फिरवून ढकललेली जीप

आमच्या दारात जीप आली तेव्हा मी विशीतली, मॅट्रिक पास आणि दीडशहाणी होते. आता नातवंडं झाली, मॅट्रिकचं सगळं विसरले; दुसरं अजून शाबूत आहे.

नवरा मिल्ट्रीत ड्रायव्हर. सुट्टीवर येताना त्यानं लिलावातली एक म्हातारी जीप आणली. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, खिलारी बैलजोडी घ्यायची होती. कराडजवळ आमचा ऊस. जीप काय नांगर ओढणार? बापलेकांत अबोला झाला, आणि मग मामंजींनीच निवाडा दिला.

"आटपाडीच्या बाजारापतूर हिच्यातनंच जाऊ. न ढकलता पोचली तर ऱ्हाऊ दे दारात. न्हाईतर तितंच इकायची आन बैल घिऊन चालत यायचं."

मला जीप हवीच होती. शेतीसाठी नव्हे हो! माहेरच्या वेशीत जीपमधून उतरले की चुलतबहिणींची तोंडं कशी होतात, ते बघायचं होतं. भाकरी थापायला कुणीतरी हवं म्हणून मला बरोबर घेतलं, पण पाणवठ्यावर मी सांगून आले, "आम्ही टूरला निघालोय." नवऱ्याचा मिल्ट्रीचा तंबू, स्टोव्ह, फुलाफुलांच्या कपबश्या आणि काळा गॉगल, अशी माझी तयारी. मामंजी पुढं, मी मागं बोचक्यांवर. गॉगलवरून हातभर पदर ओढलेला, त्यामुळं सातारा जिल्हा कधी संपला ते मला कळलं नाही.

विट्याच्या पुढं चढ लागला की जीप वाफा सोडायची. थांबायचं, विहीर शोधायची, पाणी ओतायचं, निवेपर्यंत बसायचं. दिवस असाच गेला. संध्याकाळी एका लिंबाखाली मुक्काम पडला. नवऱ्यानं मोठ्या हौसेनं तंबू ठोकला. "कापडाच्या घरात मी न्हाई निजायचा," म्हणत मामंजी घोंगडं टाकून उघड्यावर आडवे झाले. ते बाहेर असताना आम्ही दोघं आत कसे जाणार? नवरा झाडापलीकडं, मी जीपमध्ये. तंबूत कपबश्या मात्र आरामात झोपल्या.

सकाळी जीप सुरूच होईना. जमीन सपाट.

"ढकलायची पाळी आली," मामंजी म्हणाले. "संपलं."

मला मात्र वाटलं, असली जीप घेणार कोण? गिऱ्हाईक मिळालं नाही, तर आपलीच की!

पण बाजारापर्यंत तरी न्यायला हवी. दोघं ढकलणार, म्हणजे तिसऱ्यानं स्टिअरिंगवर बसायचं. नवऱ्यानं मला क्लच आणि ब्रेक दाखवला. मी जागची हलले नाही.

"आवं, मामंजींच्या म्होरं मी खुर्चीवर बसू?"

"खुर्ची न्हवं, शीट हाय ती!"

"मग मीच ढकलते की."

ढकलली. एका कोपऱ्याला मामंजी, दुसऱ्याला मी, पदर हनुवटीपर्यंत. समोरून मेंढरं घेऊन एक धनगर आला आणि काठीवर हनुवटी टेकून उभाच राहिला.

"म्हातारा ढकलतोय, सून ढकलत्या, आन लेक बसलाय राजावानी! ब्येस हाय गड्या."

नवरा लालबुंद होऊन खाली उतरला. मामंजींनी फेटा सावरला, जीपला पाठ लावली आणि मागं तोंड करून उभे राहिले.

"बस पोरी. मला काय दिसत न्हाई."

बसले. जीप हलली, मी क्लच सोडला, इंजिन धडधडलं! तेवढ्यात आरशात बघितलं, तर मामंजी वळून मागनं धावत येताहेत. तोंड माझ्याकडं. मी ताडकन उभी राहिले. डोकं छताच्या दांडीवर आपटलं, जीप दोन गचके खाऊन बंद.

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. मामंजी दम खात म्हणाले, "त्यो आरसा काड रं आदी."

आरसा निघाला, तेव्हा कुठं आम्ही बाजारात पोचलो.

खिलारांच्या रांगांमध्ये जीप उभी केली. कुणी ढुंकून बघेना. मी मनात पेढे वाटले. दुपारी घोंगड्यांचा एक व्यापारी आला, टायर ठोकून बघितले, म्हणाला, "चालू करून दावा."

मामंजींनी मला बोलावलं. ते समोरच उभे होते, भर बाजारात, तोंड माझ्याकडं करून.

"बस," म्हणाले. "आन नीट चालव. गिऱ्हाईक बगतंय."

नवरा आणि व्यापारी ढकलायला मागं गेले. मला काडीची अक्कल असती तर क्लच गचकन सोडून जीप बंद पाडली असती. पण भोवती निम्मा बाजार गोळा झालेला. एक म्हातारी म्हणाली, "बाई चालवत्या की गं!" झालं. मी गॉगल चढवला, क्लच लोण्यासारखा सोडला, आणि बाजाराला एक आख्खी चक्कर मारून जीप व्यापाऱ्याच्या पायाशी आणून लावली.

"बाईमाणसाच्या हाताला येती म्हणजे गाडी गरीब हाय," व्यापारी म्हणाला. सौदा तिथंच झाला.

परतीला मामंजी पुढं, मध्ये बैल, मागं शेण चुकवत आम्ही दोघं. नवऱ्यानं हळूच विचारलं,

"मुद्दाम बंद पाडली असतीस, तर काय बिघडलं असतं?"

"आवं, सगळी बगत हुती न्हवं!"

पुढनं मामंजींच्या हसण्याचा आवाज आला. वळून मात्र त्यांनी बघितलं नाही.