लिनोबाबांनंतरची लदीन

जेरोमला गळा नव्हता, ही गोष्ट ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या गावात कुणापासून लपलेली नव्हती. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तो गायला लागला की पुढच्या रांगेतल्या बायका मागे वळून बघत, आणि त्याची स्वतःची बायको ज्युलियाना त्याला हळूच चिमटा काढी. बरं, माणूस टाकाऊ म्हणावा तर तसंही नाही. मिठागरावर त्याच्याइतका कामसू गडी दुसरा नव्हता. देव कुणाला हात देतो, कुणाला गळा देतो. जेरोमची पाळी येईपर्यंत गळे संपले असावेत, दुसरं काय.

त्याचे वडील लिनोबाबा मात्र गळ्याचे धनी. चाळीस वर्षं नाताळच्या संध्याकाळी अंगणातल्या क्रुसापुढे लदीन म्हणायची ती त्यांनीच. लदीन म्हणजे देवमातेच्या नावांची लांबलचक माळ, सगळी लॅटिनमध्ये. एकाने एकेक नाव गात जायचं आणि बाकीच्यांनी दर नावाला 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे आमच्यासाठी विनंती कर, असं म्हणायचं. लिनोबाबांना अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि त्या नावांचा अर्थ पाद्र्याला ठाऊक. पण डोळे मिटून, दोन्ही हात पुढेमागे डोलवत म्हातारा गायला लागला की शेजारपाजारचे हिंदू लोकही कुंपणाशी येऊन उभे राहत. मुली, जावई, भाचे, नातवंडं, सगळा गोतावळा नाताळला त्याच घरी जमायचा. पोरं लिनोबाबांच्या म्हातारीने तळलेल्या फुग्यांसाठी, त्या गोल टम्म वड्यांसाठी यायची, ते सोडा. मोठी माणसं यायची ती लदिनीसाठी.

अठराशे ब्याऐंशी साली, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, लिनोबाबा झोपेतच गेले. पिकलं पान होतं, गळलं. रडून झालं, जेवणं झाली, ज्याचा तो आपापल्या कामाला लागला. नोव्हेंबरात मेलेल्यांचा सण आला तेव्हा सगळे पुन्हा थडग्यापाशी मेणबत्त्या लावायला जमले, आणि तिथे क्लेमेंटिनाने विषय काढला. क्लेमेंटिना म्हणजे जेरोमची थोरली बहीण, कल्याणला दिलेली. तोंडाने फटकळ, पण खोटं बोलायची नाही.

"बाबा होते तोवर ठीक होतं," ती म्हणाली. "आता लदीन म्हणायला कोण आहे? पोरंबाळं घेऊन एवढं यायचं आणि भिंती बघून परत जायचं? त्यापेक्षा ज्याने त्याने आपल्या घरी नाताळ करावा."

म्हातारी एमा, म्हणजे लिनोबाबांची बायको, थडग्यावरचं गवत उपटत होती. तिचा हात थांबला. जेरोमने तो थांबलेला हात पाहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "लदीन होईल. मी म्हणेन."

"तू?" क्लेमेंटिनाने त्याच्याकडे पाहिलं. "अरे, तू म्हणायला लागलास तर देवमाता कानांत बोटं घालेल."

सगळे हसले. कबरस्तानात हसू नये म्हणतात, पण हसू आलं तर माणूस करणार काय. मग क्लेमेंटिना गंभीर झाली. "बरं, या नाताळला येते मी. पुरी लदीन झाली तर दर वर्षी येईन. नाही झाली तर पुढच्या वर्षीपासून ज्याचा नाताळ त्याच्या घरी. आईला मी कल्याणला घेऊन जाईन."

झालं. बोलून बसला खरा, आता निभवायचं कसं? लहानपणापासून ऐकून नावं कानांत होती, पण आधी कुठलं आणि मागून कुठलं, याचा सगळा काला. देवळातल्या म्हाताऱ्या गायकाकडून तो रोज चार-पाच नावं विचारून घ्यायचा आणि मिठागरावर घोकायचा. पावसाळ्यानंतर मिठागराचे वाफे सारखे करावे लागतात. लांब दांड्याचं लाकडी फावडं पुढे टाकायचं, चिखल आपल्याकडे ओढायचा, पुन्हा पुढे टाकायचं. जेरोमने त्यातच सोय लावली. एक ओढ, एक नाव. पलीकडच्या वाफ्यात दौलत आगरी काम करायचा. पहिले चार दिवस तो नुसता हसला. पाचव्या दिवसापासून तोच दर ओढीला 'ओरा प्रो नोबिस' म्हणायला लागला. तेवढाच कामाला जोर येतो, म्हणे. डिसेंबरच्या मध्यावर जेरोम एकही नाव न चुकता पहिल्यापासून शेवटपर्यंत जाऊ लागला. सूर होता तिथेच होता, पण सुराची पैज नव्हतीच.

नाताळच्या दिवशी घर भरून गेलं. एमाने ताडी घालून फुगवलेल्या पिठाचे फुगे तळले, ज्युलियानाने अंगण शेणाने सारवून आरशासारखं केलं, क्रुसाला झेंडूच्या माळा चढल्या. दिवेलागणीला सगळे गुडघ्यांवर बसले. कुंपणाशी दरवर्षीप्रमाणे शेजारी आले, त्यांत दौलतही होता. जेरोम नवा सदरा घालून पुढे झाला. त्याने हात जोडले आणि सुरुवात केली.

सहा नावं झाली. सातवं येईना.

त्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं. या वेळी पाचव्यालाच गाडी अडली. तिसऱ्यांदा तर तिसऱ्यालाच. मेणबत्त्या फडफडत होत्या आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. जेरोमच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. त्याने चोरून बहिणीकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं ती 'सांगितलं नव्हतं का' अशा नजरेने बघत असेल. पण क्लेमेंटिना मान खाली घालून रडत होती. तिलाही हे घर तुटायला नको होतं, बिचारीला.

तेवढ्यात कुंपणावरून दौलतने एमाला हाक मारली. "काकी, राग मानू नका. पण त्याच्या हातात फावडं द्या."

"काय?" ज्युलियाना म्हणाली.

"दीड महिना ऐकतोय मी. मिठागरावर हा सगळी लदीन धडाधड म्हणतो. पण तंबाखू मळायला थांबला की तोंडपण थांबतं. हात चालले तरच याचं डोकं चालतं, काकी."

कुणीतरी फिसकन हसलं. एक जावई पुटपुटला, "क्रुसापुढे फावडं? शोभतं का ते?" जेरोमला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने आईकडे पाहिलं. एमा शांत होती.

"दे रे दौलत," ती म्हणाली. "भिंतीला टेकलंय बघ."

दौलत आत येऊन फावडं देऊन कुंपणाशी परतला. जेरोमने ते हातात घेतलं, पाय रोवले, पुढे टाकलं आणि ओढलं. पहिलं नाव आलं. पुन्हा ओढलं, दुसरं आलं. सातवं आलं, दहावं आलं, विसावं आलं. ज्युलियानाचं सारवलेलं अंगण खरवडून निघत होतं आणि पोरं पाय वर घेत मागे सरकत होती. सूर खाडीपलीकडे गेलेला होता. तरी प्रत्येक ओढीला सगळं अंगण 'ओरा प्रो नोबिस' म्हणत होतं, आणि सर्वांत खणखणीत आवाज कुंपणावरून येत होता. शेवटचं नाव झालं तेव्हा जेरोम फावड्याच्या दांड्यावर कपाळ टेकून लहान मुलासारखा रडला.

"बाबा असते तर काय म्हणाले असते?" तो म्हणाला. "ते कसे हात डोलवत, भक्तीत बुडून म्हणायचे. आणि मी हा असा."

एमा पदराने तोंड झाकून हसायला लागली. "अरे खुळ्या, तुझा बापूस लदीन शिकला कुठे असं वाटतं तुला? त्याच वाफ्यांत. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला त्यानेपण फावडं धरूनच म्हटली. तुम्ही कुणी जन्मला नव्हतात तेव्हा. पुढे फावडं सुटलं, हात तेवढे हलत राहिले. तुम्ही म्हणायचात, बाबा किती भक्तीने डोलतात. मी कशाला बोलू?"

"म्हणजे ती भक्ती नव्हती?" क्लेमेंटिनाने विचारलं.

"होती तर. तो मिठागरवाला आहे हे देवाला काय माहीत नव्हतं?"

क्लेमेंटिनाने नाक पुसलं, उठली आणि भावाच्या हातातलं फावडं काढून घेतलं. "पुढच्या नाताळला मी दोन दिवस आधी येते," ती म्हणाली. "अंगण सारवायला माणूस लागेल."

जेरोमने त्यानंतर सव्वीस वर्षं लदीन म्हटली. गळा शेवटपर्यंत सुधारला नाही. दहा-बारा वर्षांनी फावडं सुटलं, पण क्रुसापुढे उभा राहिला की त्याचे हात आपसूक पुढेमागे होत. मागून आलेली नातवंडं एकमेकांना दाखवत, बघ, आजोबा किती भक्तीने डोलतात. ज्युलियाना ऐकायची आणि काही बोलायची नाही.