सहदेवनं मुंबई दाखवली नाही

पाटण तालुक्यातल्या त्या गावात कुणाला मुंबई बघायची असली तर एकच पत्ता ठाऊक होता, डोंबिवलीचा सहदेव. मुंबई कुठं आणि डोंबिवली कुठं, हा फरक गावानं कधी मानलाच नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात फिटर म्हणून सहदेवची हयात गेली. आठवड्यातला एक दिवस काय तो हक्काचा, तोही गावाकडच्या पाहुण्यांनी खाल्ला. राणीची बाग, म्हातारीचा बूट, चौपाटी आणि शेवटी गेटवे. गेटवेला पोचलं की तिथल्या फोटोवाल्याकडून पाहुण्याचा एक फोटो, उभ्या उभ्या छापून हातात. सहदेव स्वतः त्यात कधी नसायचा. तो फोटोवाल्याच्या मागं उभा राहून पाहुण्याला हसायला सांगायचा.

डबा नंदाचा. पहाटे उठून ती धपाटे थापायची, शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, पाण्याच्या बाटल्या भरायची. मंडळी निघाली की दारात उभी राहून हात हलवायची आणि आत जाऊन त्यांच्या गाद्या गुंडाळायची. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून हेच. गेटवे तिनं कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या खेपेला तूही चल, असं सहदेव दर खेपेला म्हणायचा. म्हणायला काय जातंय? संध्याकाळी दमून आलेल्यांना गरम भात वाढायला घरात कुणीतरी लागतंच, आणि ते कुणीतरी कोण, हे न बोलता ठरलेलं होतं.

पण खरी मेख वेगळीच होती. हे पाहुणे हौसेनं आलेले नसायचे. गावच्या डॉक्टरनं हात टेकले की माणसाला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात आणायचं, आणि मुक्काम सहदेवकडे. आपल्याकडची ही जुनी खोड आहे, दुखणं ज्याला झालंय तो सोडून साऱ्या गावाला ते माहीत असतं. रिपोर्ट वाईट आला की मुलं, जावई कोपऱ्यात कुजबुजायचे, डोळे पुसायचे आणि हसत बाहेर येऊन म्हणायचे, काही नाही, साधी गाठ आहे, आता आलोच आहोत तर मुंबई बघून जाऊ. मग सहदेवकडे बघायचे. पहिल्यांदा असं सहदेवच्या चुलतभावाचं झालं, आबाचं. आबानं गेटवेसमोर फेटा नीट बसवून फोटो काढून घेतला, आणि परत जाताना रस्ताभर तो हातात धरून बसला.

एका जत्रेला सहदेव गावी गेला तेव्हा त्याला कळलं. आबाच्या घरात भिंतीवर आबा, हार घातलेला, मागं गेटवे. शेजारच्या घरात प्रसादाला गेला, तिथंही हार आणि गेटवे. तिसऱ्या घरातही तेच. यात नवल नव्हतं. राबणाऱ्या माणसाचा असा एकट्याचा, नीट उभं राहून काढलेला दुसरा फोटो असतो कुठं? पण गावातल्या लक्ष्मीकाकूला त्यानं सहज म्हटलं की एकदा मुंबईला या, तर तिनं दोन्ही हात जोडले.

"नको रे बाबा. तू मुंबई दाखवलेलं माणूस पुढची जत्रा बघत नाही."

काकू हसत म्हणाली होती. सहदेवला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. घरी येऊन त्यानं हे नंदाला सांगितलं आणि आता आपण हे बंद करणार, असंही सांगून टाकलं. नंदा तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, त्यांचा तो एक दिवस तर बरा जातो ना, कशाला बंद करायचं. पुन्हा कुणी आलं, तिनं पुन्हा धपाटे थापले. ज्याच्यासाठी थापले त्याला काय झालंय हे तिला माहीत असायचं, आणि वाढताना तिचा चेहरा तसूभर हलायचा नाही.

आणि मग नंदाचंच पोट दुखू लागलं. आधी तिनं ओवा खाल्ला, मग सोडा घेतला, मग न जेवताच भांडी घासायला बसू लागली. मुलगा ऋतुराज तिला कल्याणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि सहदेवला आत बोलावलं, तेव्हाच सहदेव समजला. इतक्या जणांच्या वेळी तो असा आत गेलेला होता, पण तेव्हा खुर्चीत दुसरं कुणीतरी बसायचं आणि तो मागं उभा असायचा. दुखणं यकृतापर्यंत गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता त्रास कमी करायचा, एवढंच हातात आहे.

मुलगी अक्षदा टिटवाळ्याहून धावत आली, जिन्यातच तिनं रडून घेतलं आणि मग घरात आली. आईला सांगायचं नाही, असं तिघांनी ठरवलं. ॲसिडिटी जुनी आहे, औषधं चालू ठेवायची, एवढंच सांगायचं. ऋतुराजनं बापाला गॅलरीत गाठलं. पोरगा कधी वर मान करून बोलला नव्हता, त्या दिवशी बोलला.

"पप्पा, आख्ख्या गावाला फिरवलंत तुम्ही. आईला कधी नेलेलं? एक दिवस मुंबई दाखवून आणा तिला."

सहदेव गजांना धरून उभा राहिला. पोराचं खरं होतं, म्हणून तर ते काळजाला लागलं. पण कसं सांगणार त्याला? "चल, तुला मुंबई दाखवतो," हे चार शब्द नंदाच्या कानावर पडले की रिपोर्ट वाचून दाखवल्यासारखंच होतं. तिच्या मनात किंतु न येता तिचा एक दिवस आनंदात जावा, एवढं एकच आता त्याला करता येण्यासारखं होतं, आणि नेमकी तीच वाट त्यानं स्वतः गेली कित्येक वर्षं चालून बंद करून ठेवली होती.

रात्रभर तळमळून त्यानं डोकं चालवलं. मुंबई नको, ठाणं. गेटवे नको, तलावपाळी. डबा नको, बाहेर खायचं. आणि फोटो तर मुळीच नको. सकाळी चहा पिताना त्यानं जमेल तेवढ्या सहजपणे सांगितलं की मी कुठं काम करायचो ते तू कधी बघितलंच नाहीस, चल आज. नंदानं त्याच्याकडे बघितलं, बरं म्हणाली आणि पिठाच्या डब्याकडे वळली. डबा नको, असं सहदेव घाईघाईनं म्हणाला. तिचा हात झाकणावर तसाच राहिला. मग तिनं झाकण लावून टाकलं आणि कपाटातली जांभळी साडी काढली.

ऋतुराजनं टॅक्सी बोलावली होती. एरवी रिक्षाला हात करतानाही कुरकुरणारी नंदा मुकाट्यानं आत बसली. माणकोलीच्या पुलावरून खाडी दिसली तेव्हा तिनं काच खाली करायला लावली. वारा तोंडावर घेत म्हणाली, इतकं पाणी आपल्या घरामागं होतं आणि आपण नळ कधी येतो म्हणून रात्री जागायचो. सहदेव मोठ्यानं हसला. जरा जास्तच हसला.

वागळे इस्टेटमध्ये कारखान्याच्या जागी काचांची इमारत उभी होती. वॉचमननं आत सोडलं नाही. गेटबाहेर मात्र जुनं पिंपळाचं झाड होतं आणि झाडाचा पारही होता. माझं मशीन तिथं होतं, असं सहदेवनं बोटानं दाखवलं, तर बोटापुढं कुणाचीतरी पांढरी गाडी लावलेली. मग त्यानं पार दाखवला. इथं बसून मी तुझा डबा खायचो. नंदा पारावर बसली, पदरानं जागा पुसून तिनं त्यालाही शेजारी बसवलं आणि विचारलं, भाजी खारट झाली तर काय करायचात? तो म्हणाला, खायचो. घरी येऊन बोलला नाहीत कधी, असं ती म्हणाली. बोलायला हवं होतं असं त्याला वाटलं. भाजीबद्दल नव्हे, बाकीच्या सगळ्याबद्दल.

दुपारी गोखले रोडवर त्यांनी इडली खाल्ली. तिला अर्धीच गेली. ताटलीत उरलेलं दिसू नये म्हणून सहदेवनं तिची इडली पटकन आपल्या तोंडात कोंबली. मग राममारुती रोडला साडी घेऊ म्हणून तो हटून बसला. तिनं शंभर साड्या उलगडायला लावल्या, आणि शेवटी एक आंबा रंगाची उचलून दुकानातल्या पोरीला विचारलं, तुझ्या वयाच्या मुलीला आवडेल का गं? सहदेवनं विचारलं, कुणाला? तर म्हणाली, ऋतुराजच्या बायकोला, करेल की कधीतरी लग्न. ती पुढचं बघतेय म्हणजे तिला काही कळलेलं नाही, असं मनात म्हणून सहदेवनं सुटकेचा निःश्वास सोडला. बिचारा स्वतःला फार हुशार समजत होता.

कौपिनेश्वराला हात जोडून ते तलावपाळीला आले. होडीत बसताना ती घाबरली आणि त्याचा दंड तिनं दोन्ही हातांनी पकडला, तो होडी किनाऱ्याला लागेपर्यंत सोडला नाही. लग्नानंतर चारचौघांत तिनं त्याला असं धरल्याचं त्याला आठवेना. उतरल्यावर दोघं कठड्यापाशी उभे राहिले. पाण्यात दिवे लागले होते. दिवस निभावला, असं सहदेवला वाटलं, आणि तेवढ्यात नंदानं पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला.

"काढा आता फोटो."

सहदेव म्हणाला, कशाला, मोबाइलची बॅटरी उतरलीय. ती तशीच उभी राहिली, चेहरा त्याच्याकडे करून.

"आबांचा काढलात. सगळ्यांचा काढलात. माझाच नाही काढायचा?"

तुला कुणी सांगितलं, एवढंच कसंबसं त्यानं विचारलं.

"तुम्हीच. डबा नको म्हणालात ना सकाळी, तेव्हाच कळलं. एवढे डबे भरले मी, मला नाही कळणार? गेटवे चुकवून इकडं आणलंत. जे जे लपवलंत, तेच दिसत होतं दिवसभर."

सहदेव रडला. येणारी-जाणारी माणसं बघत होती, तरी रडला. आबाच्या वेळी गिळलेलं, बाकीच्यांच्या वेळी गिळलेलं, सगळं त्या कठड्यावर डोकं टेकून बाहेर आलं. तुला एकदाही नेलं नाही गं मी, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. नेलं असतं तर बरं झालं असतं, असं ती स्पष्ट म्हणाली. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आजारी कोण आणि समजूत कोण काढतंय, असा सगळा उलटा कारभार.

थोड्या वेळानं तिनं जवळून जाणाऱ्या कॉलेजच्या एका मुलीला थांबवलं आणि सहदेवच्या खिशातला मोबाइल काढून तिच्या हातात दिला. सहदेव सवयीनं त्या मुलीच्या मागं जाऊन उभा राहिला, तशी नंदानं त्याला मनगटाला धरून ओढलं.

"एकटीचा नको. तुम्ही इथं या. जोडीच्या फोटोला हार घालता येत नाही."

मुलीनं फोटो काढला. नंदा सरळ समोर बघतेय, आणि सहदेव डोळे लाल करून तिच्याकडे.

आखाड लागायच्या आधी नंदा गेली. तेराव्याला फ्रेम हवी म्हणून अक्षदानं सगळे मोबाइल धुंडाळले. आईचा धड एकटीचा फोटो कुणाकडेच नव्हता, होता तो तलावपाळीचा. स्टुडिओवाला म्हणाला, काकांना काढून टाकतो, मागं निळा रंग देतो, दहा मिनिटांचं काम आहे. सहदेवनं मोबाइल परत घेतला. जसा आहे तसा मोठा करून द्या म्हणाला. अक्षदानं समजावलं, ऋतुराजनंही समजावलं, पण त्यानं ऐकलं नाही.

तेराव्याला गाव आलं. जिवंत माणसाचा फोटो असा ठेवतात का, म्हणून मागं कुजबुज झाली. लक्ष्मीकाकूनं गावाहून शेवंतीचा हार आणला होता. फोटोसमोर आली आणि तो हातात घेऊन नुसतीच उभी राहिली, कुठं घालावा ते तिला कळेना. सहदेव तिच्याजवळ गेला.

"राहू दे, काकू," तो म्हणाला. "मी अजून उभा आहे तिच्या शेजारी. माझं झालं की दोघांना मिळून एकच घाला."

काकूनं हार पुन्हा पिशवीत ठेवला.