बाळाचे गाल आणि न्हाऊ घालणाऱ्या मावशी

जगातल्या एकूण एक तान्ह्या बाळाची कातडी आपल्याच ताब्यात दिलेली आहे, याबद्दल आमच्या न्हाऊ घालणाऱ्या मावशींच्या मनात कधीच शंका नव्हती. त्या डोंबिवलीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहायच्या आणि रोज सकाळी आठला ठाकुर्लीला, माझ्या माहेरी, चालत यायच्या. रिक्षात बसलं की हात थंड पडतात, असं त्यांचं म्हणणं. बेल वाजवणं त्यांना मंजूर नव्हतं. दारातूनच हाक यायची, "नाखवा, उठलास का रे?" नाखवा म्हणजे होडीचा मालक. आमचा नाखवा दोन महिन्यांचा होता आणि उत्तरादाखल रडायचा.

मोठ्या माणसांशी मावशी सहसा बोलत नसत. मला जे सांगायचं ते बाळाला सांगत, आणि तेही मी शेजारी टॉवेल धरून उभी असताना. "तुझ्या आयशीला सांग, पंखा बंद कर." मीही कमी बोलणारी, त्यामुळे मला ही सोय बरी वाटायची. पाय पसरून त्यावर बाळाला पालथं घालायचं, राईचं तेल चोळायचं, मग मसुरीच्या पिठाचं उटणं, कढत पाणी आणि शेवटी ओव्याची धुरी. एवढं झालं की त्या बाळाकडे तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखं कौतुकानं बघायच्या. "बघ कसा लाल झालाय! तब्येत हाय ही."

ती लाली तब्येतीची नव्हती. तिसऱ्या महिन्यात गाल खरबरीत झाले, कोपरांच्या घड्यांत चट्टे उठले आणि त्यांतून पाणी यायला लागलं. दूध पितानाही बाळ गाल माझ्या कुडत्यावर घासत राहायचं. मावशींनी निदान केलं, "तुझ्या आयशीनं वांगं खाल्लं." मी वांगं सोडलं, मग अंडं, मग मासे. चट्टे तसेच. आपल्यामुळेच होतंय, हे मी कोणाला न सांगता मान्य करून टाकलं होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक्झिमा आहे. एकाचा दुसऱ्याला होत नाही, आणि तुमच्या खाण्यानं झालेला नाही. याची त्वचा ओलावा धरून ठेवत नाही." पाणी कोमट, आंघोळ पाच मिनिटं, अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच मलम जाडसर लावायचं. उटणं, राईचं तेल, धुरी बंद.

हे मावशींना सांगायचं कोणी? आई भाजी बघायला म्हणून स्वयंपाकघरात गेली ती आलीच नाही. शेवटी मी बाळालाच म्हणाले, "मावशींना सांग, डॉक्टरांनी उटणं बंद करायला सांगितलंय. त्यानं आग होते तुला."

मावशींनी हातातली वाटी खाली ठेवली. "अर्ध्या डोंबिवलीला न्हाऊ घातलंय या हातांनी," त्या बाळाला म्हणाल्या आणि उठून गेल्या.

आता त्या येत नाहीत, असं मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी आठला हाक आली. नखं कापलेली, बांगड्यांवर सुती फडकं गुंडाळलेलं. बाळाला पायांवर घेऊन त्यांनी त्याच्या गालावर अलगद बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "माझ्या धाकटीचेपण असेच गाल होते रे. ती रडायची, तशी मी अजून जोरात चोळायची."

मी टॉवेल धरून उभी राहिले.

त्या दिवसापासून मावशी डॉक्टरांपेक्षा कडक झाल्या. पाणी कोपरानं तपासून नापास करायच्या. पावडर लावून आलेल्या शेजारच्या काकूंना त्यांनी उंबऱ्यावरच अडवलं, "नाखवा, काकूला सांग, अंग धुवून ये. नुसतं पाण्यानं." नवऱ्याच्या आत्यांनी कल्याणहून लोकरीची कुंची विणून आणली, तर ती त्यांनी ओट्यावरच्या दुधी भोपळ्याला घातली. "याला थंडी वाजते. नाखव्याला टोचंल."

महिन्याभरात गाल मऊ झाले. बाळ शांतपणे दूध पिऊ लागलं, आणि मी सगळं जेवू लागले.

आता आम्ही ठाण्याला राहतो. तो दीड वर्षाचा आहे. थंडीत गुडघ्यांच्या मागे पुन्हा खरबरीत होतं. मी मलमाचा डबा उघडते, तो निसटून पळतो, आणि मी बोटं वर धरून घरभर त्याच्या मागे. मावशी मलम लावायच्या तेव्हा तो अर्ध्यातच झोपून जायचा. ते त्या कसं करायच्या, हे मी रोज शेजारी उभी राहून बघत होते. विचारलं मात्र कधी नाही.